प्रकरण अकरावे: कोणी केलं हे?

"आल्या मुख्याध्यापिकाबाई," आजी काउंटरवरूनच ओरडली. "आणि गाडीत मागच्या सीटवर पोराची खुर्ची बसवून आल्यात. म्हणजे विचारायला नाही, उचलायलाच आल्यात."

रविवार होता. रविवारी लाँड्रीचं शटर अर्ध्यावर असायचं. परक्याला वाटावं बंद आहे, आणि ओळखीच्याने वाकून आत यावं. आत्या वाकून आत आली. आजोबा गेल्यावर वाटणीवरून जे काही महाभारत झालं होतं, त्यात ती याच शटरखालून ताठ मानेने बाहेर पडायला गेली होती आणि टाळकं शेकलं होतं. तेव्हापासून कितीही राग आला तरी ती इथे आधी वाकायची, मग चिडायची.

"आई, मी वहिनीला विचारूनच आलेय," आत्या म्हणाली. "ती हो म्हणाली."

"हो का? मग आम्ही सगळे इथे इस्त्री करायलाच जन्माला आलोत म्हणायचं."

तेवढ्यात चिमटी आत्याला येऊन धडकली. चिमटी सहा वर्षांची. चष्मा नाकाच्या टोकावर, तोंडाभोवती बिस्किटाचा चुरा. तिचं खरं नाव फक्त दवाखान्याच्या फायलीत असायचं. जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर डाउन सिंड्रोम म्हणजे काय ते समजावून सांगत होते आणि ही बापाचं बोट धरून बसली होती. नर्सने सोडवायला बघितलं, सुटेना. "ही तर वाळत घातलेल्या कपड्याचा चिमटा आहे," बाप म्हणाला, आणि मग रडला. नाव मात्र चिकटलं.

"आत्या! काय आणलं?"

"शूज आणलेत. आणि तिकडे माझ्या घरी तुझी पिवळी खोली आहे. बघायची ना?"

"बिस्कीट?"

"बिस्कीटपण आहे."

आत्याने तिला कडेवर घेतलं आणि कण्हली. पोर जड होती. आत्याचं घर दुसऱ्या शहरात, एकटीचं, इतकं स्वच्छ की फुलदाणीसुद्धा तिथे दबून बसल्यासारखी वाटायची. घरासमोरच्या रस्त्यापलीकडे अशा मुलांसाठी चांगली शाळा होती. सोमवार ते शुक्रवार चिमटी तिच्याकडे राहील, शनिवार-रविवार इकडे, असं ठरलं होतं. खोलीला रंग तिने स्वतः दिला होता आणि दोन दिवस तिची मान धरली होती. ती मुख्याध्यापिका होती त्या शाळेत पाचशे पोरं 'बाई, बाई' करायची, पण संध्याकाळी कुलूप उघडलं की कोणी हाक मारायचं नाही. तिला ही मुलगी हवी होती. शाळेचं कारण खरं होतं, पण ते नंतरचं होतं.

"जाताना बँडवाल्यांचे शर्ट तेवढे टाकशील?" आजीने विचारलं. "तुझ्या वाटेवरच आहे त्यांचा हॉल. संध्याकाळी कार्यक्रम आहे मेल्यांचा."

"टाकीन की."

हे वाक्य मशीनमागे बसलेल्या चिमटीच्या भावाने, घोटाळ्याने, ऐकलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

*

पोरांना दुकानात ठेवून मागच्या खोलीत बैठक बसली. इस्त्रीचं मोठं टेबल मध्ये, आणि भोवती माणसं. या घरातले सगळे निर्णय याच टेबलाभोवती झाले होते आणि त्यातले निम्मे चुकले होते.

"मला कोणी विचारलं का?" बाबा म्हणाला. तो उभ्यानेच कॉलर दाबत होता. चिडला की तो कपडे जास्त कडक इस्त्री करायचा.

"तुला विचारलं असतं तर तू 'बघू' म्हणाला असतास," आई म्हणाली. "तुझं 'बघू' मी लग्नापासून बघतेय."

"अगं, पण म्हणून परस्पर पोरगी देऊन टाकायची?"

"देऊन टाकत नाहीये! पाच दिवसांचा प्रश्न आहे."

आईचा आवाज चढला आणि तिलाच त्याची लाज वाटली. गुरुवारी काय झालं होतं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तसं विशेष काही झालंच नव्हतं. सकाळी चिमटीचे जिभेचे व्यायाम, मग डोळ्यांचा डॉक्टर, मग दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करणं, मग घोटाळ्याच्या शाळेतून फोन. दुपारी चिमटीने खळीच्या बादलीत दोन्ही पाय घातले आणि तशीच घरभर चालली. आई फडकं घेऊन खाली बसली, आणि मग तिला उठताच येईना. तेवढ्यात आत्याचा फोन आला. "वहिनी, मी नेते ना तिला," आत्या म्हणाली. आई म्हणाली, "ने." फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. हलकं वाटल्याचं आठवून ती तेव्हापासून नीट जेवली नव्हती.

"मी सांगू का," आजीने पाय चोळत सुरुवात केली. "जाऊ दे तिला. माझ्या गुडघ्यांनी तिच्यामागे धावायचं बंद केलंय. शाळा चांगली आहे, आत्या काही सावत्र नाही."

"आत्ता तर काउंटरवरून टोमणे मारत होतीस!" आत्या म्हणाली.

"ते वेगळं. टोमणे मारले म्हणजे विरोध केला असं नाही."

दाराशी खुट्ट झालं. "ये आत, वकीलबाई," बाबा न बघताच म्हणाला. "ऐकायचंच आहे तर बसून ऐक."

वकील आत आली. चिमटीची थोरली बहीण, बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हाताची घडी. बोलायला लागल्यापासून ती वाद घालत होती म्हणून हे नाव.

"मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. जाऊ दे तिला."

बाबाच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली.

"शाळेतून आले की तिला सांभाळ. खेळायला गेले की तिला ने. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिला ने. तिने मेणबत्त्या विझवायच्या आधी केकमध्ये तोंड घातलं, आणि सगळे म्हणतात, असू दे हं, असू दे. मी घातलं असतं तोंड तर? मला धुतलं असतं. तिला कधी कोणी काही बोलतच नाही!" तिचा आवाज फाटला. "मला ती आवडते. पण रोज रोज नाही आवडत."

आईला उठून तिला जवळ घ्यायचं होतं, आणि एक थोबाडीतही द्यायची होती. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. कारण पोरगी बोलली ते तिच्याच मनातलं होतं.

*

इकडे दुकानात घोटाळा एकटाच कामाला लागला होता.

वय आठ. त्याच्या हाताला लागलेली वस्तू धड राहत नसे. डोकं मात्र चालायचं, फक्त कुठल्या दिशेने ते सांगता यायचं नाही. त्याचा हिशेब सरळ होता. आत्या शर्ट घेऊन जाणार. शर्ट तयार नसतील तर आत्या जाणार नाही. आत्या गेली नाही तर चिमटी जाणार नाही.

बँडवाल्यांचे शर्ट दांडीवर ओळीने टांगलेले होते. सगळे पांढरे, सगळे सारखे. प्रत्येकाच्या कॉलरला पिनेने नंबराची चिठ्ठी टोचलेली. कोणता नंबर कोणाचा, ते आजीच्या वहीत. त्याने स्टूल घेतलं आणि एकेक पिन काढायला सुरुवात केली. काढलेल्या चिठ्ठ्या त्याने पाण्याच्या बादलीत टाकल्या, पुरावा नष्ट व्हावा म्हणून. शाई पसरली, बादली निळी झाली. मग मात्र तो घाईघाईने स्टुलावरून उतरला.

चिमटी बाजूला बसून हे सगळं आवडीने बघत होती.

"चिमटे, ऐक. नेहमीसारखं. कोणी केलं म्हटलं की काय म्हणायचं?"

"मी!"

"शाब्बास. एक बिस्कीट."

चिमटीने दोन बोटं वर केली.

"बरं बाई, दोन."

हा धंदा त्यांच्यात वर्षभर चालला होता. चिमटीला कोणी ओरडत नाही हे घोटाळ्याने फार आधी हेरलं होतं. काचेचा जग फुटला, चिमटीने फोडला. आजीचा चष्मा वाकला, चिमटी बसली त्यावर. चिमटीला त्याबद्दल पापा मिळायचा, वर बिस्कीट. घोटाळ्याचा जीव वाचायचा. नुकसान कोणाचंच नव्हतं, फक्त घरातल्या वस्तूंचं होतं.

*

"अरे देवा!" आजीची आरोळी मागच्या खोलीपर्यंत आली. ती पाणी प्यायला म्हणून उठली होती. सगळे धावले.

दांडीवर पांढरे शर्ट, एकावरही नंबर नाही. खाली निळी बादली. बादलीशेजारी चिमटी, हातात उघडी पिन, मान ताठ. घोटाळा कोपऱ्यात भिंतीला चिकटून.

"कोणी केलं हे?" बाबा गरजला.

"मी!" चिमटीने हात वर केला.

आणि बाबाचा आवाज बघता बघता उतरला. "असं करू नये हं, पिल्लू," तो म्हणाला.

"आधी ती पिन घे तिच्या हातातून!" आत्या झेपावली. तिने चिमटीला उचललं, बोटं उलटसुलट करून तपासली, पापा घेतला. आजीने सवयीने खिशातून बिस्कीट काढून दिलं. चिमटीने ते घेतलं आणि घोटाळ्याकडे बघून एक बोट वर केलं. म्हणजे एक झालं, तुझी दोन बाकी.

"वहिनी, बघितलंस?" आत्या म्हणाली. "हेच मी सांगत होते. पिना, वाफ, इस्त्र्या, बादल्या. इथे तिच्यावर कोण चोवीस तास लक्ष ठेवणार? आज पिन आहे, उद्या बॉयलरला हात लावेल."

बाबा त्या निळ्या पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात संध्याकाळचा कार्यक्रम नव्हता. बॉयलरच होता. मघापर्यंत ज्या गोष्टीला तो विरोध करत होता, ती त्याच्या तोंडून अगदी हळू बाहेर पडली.

"घेऊन जा तिला. तुझं बरोबर आहे."

आई मटकन बाकावर बसली. ती स्वतः हो म्हणाली होती, तेव्हा नवरा नाही म्हणेल याची तिला मनातून खात्री होती. आता नाही म्हणायला कोणी उरलंच नव्हतं.

हे असं व्हायचं नव्हतं. घोटाळ्याने वकिलीणीकडे बघितलं.

वकील चिमटीच्या त्या वर झालेल्या बोटाकडे बघत होती. तिला हा धंदा ठाऊक होता. ठाऊक असण्याबद्दल तिलाही दर खेपेला एक बिस्कीट मिळायचं. आणि आता तर सगळं तिला हवं तसंच होत होतं. पाच दिवस मोकळे, मैत्रिणी मोकळ्या, केक शाबूत. फक्त गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं तिला या जन्मात जमलेलं नव्हतं, आणि खोटा निकाल तर तिला पित्तासारखा चढायचा.

"एक मिनिट," ती पुढे आली. "मला साक्षीदाराला प्रश्न विचारायचे आहेत."

"ही वेळ आहे का गं?" आजी म्हणाली.

"चिमटे, काचेचा जग कोणी फोडला?"

"मी!"

"आजीचा चष्मा?"

"मी!"

"बाबाला टक्कल कोणी पाडलं?"

"मी!" चिमटी रंगात आली.

"तू जन्मायच्या आधी बॉयलर फुटला होता, तो कोणी फोडला?"

"मी!"

"आत्याची गाडी कोणी बनवली? आकाशातला सूर्य कोणी लावला?"

"मी! मी!" चिमटीने दोन्ही हात वर केले आणि टाळ्यांची वाट बघितली.

आजीने डोळ्यांवरचा वाकडा चष्मा हळूच काढला आणि त्याच्याकडे नव्याने बघितलं. मग सगळ्यांच्या माना एकदमच कोपऱ्याकडे वळल्या.

"घोटाळ्या," बाबा म्हणाला.

घोटाळा भोकाड पसरून रडायला लागला. "मीच केलं! आत्या शर्ट घेऊन जाणार होती ना, म्हणून! शर्टच नसते तर ती थांबली असती! 'मी' म्हणायला दोन बिस्किटं कबूल केली होती तिला! मला काय माहीत तुम्ही तिलाच पाठवाल!"

"पण का रे मेल्या?" आजीने विचारलं.

"ती गेल्यावर मग माझ्यासाठी 'मी' कोण म्हणणार?" त्याने बाहीने नाक पुसलं. "आणि झोपताना ती माझा कान धरते. त्याशिवाय मला झोप नाही येत. नका ना नेऊ तिला."

हसावं की याला बदडावं, हे बाबाला कळेना. त्याने तूर्त त्याच कानाला धरलं. "बाकावर बस. मोजे."

मोजे ही या घरची पिढीजात शिक्षा. धुलाईत जोडीदार हरवलेले मोजे एका वेताच्या टोपलीत साठायचे. गुन्हेगाराने बाकावर बसायचं आणि त्यातून जोड्या लावायच्या. आत्याचं आणि बाबाचं निम्मं बालपण त्या बाकावर गेलं होतं.

"आणि वकीलसाहेब," बाबा म्हणाला, "आपल्याला हे केव्हापासून माहीत होतं?"

वकील जाऊन भावाशेजारी बसली.

"सोन्या माझ्या," आत्याने चिमटीला कुरवाळलं. "उगाच तुझ्यावर आळ आला गं. हिला बिचारीला काय कळतं!"

"तिला सगळं कळतं," आई म्हणाली.

ती बाकावरून उठली होती. "दोन बिस्किटं ठरली होती आणि ती अजून बाकी आहेत, हे तिला कळतं. खोटं बोललं की लाड होतात, हे कळतं. आपल्यालाच कळलं नाही. हिला आपण कधी ओरडलोय? कोणी सांगा बरं, एकदा तरी?"

कोणालाच आठवेना.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना," आजी पुटपुटली. "हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. महिनाभर रडू देऊ नका म्हणाले होते."

"महिनाभर, आजी! तेव्हा ती पाळण्यात होती!" वकील बाकावरून म्हणाली.

आजीने बाबाकडे बघितलं, बाबाने आत्याकडे. तो महिना कधीच संपला होता, आणि संपल्याचं या घरात कोणी जाहीरच केलं नव्हतं.

आईने चिमटीला आत्याच्या कडेवरून खाली उतरवलं आणि समोर उभं केलं.

"चिमटे. माझ्याकडे बघ. पिना तू काढल्यास?"

"मी!"

"खोटं! खोटं बोललीस तू. पिना दादाने काढल्या. खोटं बोलायचं नाही! अजिबात नाही! आण ते बिस्कीट इकडे."

चिमटी हसली. हा नवा खेळ असावा असं तिला वाटलं. आईने खरंच तिच्या हातातून अर्धं बिस्कीट काढून घेतलं. चिमटीने आजीकडे बघितलं, बाबाकडे बघितलं. कोणी पुढे झालं नाही. तिचा खालचा ओठ बाहेर आला, चष्मा घसरला, आणि मग तिने असा काही सूर लावला की बँडवाल्यांनी तिला तिथेच नोकरी दिली असती.

"अगं, तिचं हृदय!" आत्या धावली.

आजीने तिचा दंड धरला. "हृदयाला काही होत नाही. मघाशी तूच कण्हलीस ना तिला उचलताना? धडधाकट आहे पोरगी. रडू दे."

"आई, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी माझ्या चष्म्याच्या बाजूने आहे."

"बाकावर बस," आईने चिमटीला सांगितलं. "तुलाही मोजे."

चिमटी पाय आपटत गेली. भावंडांनी तिला मध्ये जागा करून दिली. घोटाळ्याने तिच्या हातात एक निळा मोजा ठेवला. तिने तो फेकून दिला. "उचल," आई म्हणाली. चिमटीने हुंदके देत तो उचलला.

*

मग शर्ट. ते तर संध्याकाळपर्यंत पोचायलाच हवे होते. आत्याने घड्याळ काढून ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि दांडीपाशी उभी राहिली. शर्टावरून माणूस ओळखायचा हे या घरातल्या मुलांना शिकवावं लागत नसे.

"हा ढोलवाल्याचा," बाबा म्हणाला. "खांद्यावर पट्ट्याने घासलाय."

"आणि ही ढेरी कोणाची?"

"मास्तरांची. खालचं बटण दर महिन्याला तुझी वहिनी लावून देते."

"हा बासरीवाला. अजून चौदा इंची कॉलर घालतो? जेवत नाही वाटतं मेला."

दोघं बहीणभाऊ हसले. वाटणीच्या भांडणानंतर ते एकत्र हसल्याचं आजीने पहिल्यांदाच ऐकलं. ती वहीत नंबर लिहीत राहिली. आई नव्या चिठ्ठ्या टोचत होती आणि एक डोळा बाकावर ठेवून होती. बाकावरचा सूर आता बसका झाला होता. वकील तिघांची सूत्रं हातात घेऊन बसली होती. "हा निळा, तो काळा. नीट बघ, मूर्खा. तुला नाही गं चिमटे, याला म्हणाले. नाही, तुलापण म्हणाले."

शेवटचा शर्ट गाडीत गेला. आत्याने हात धुतले, घड्याळ घातलं, किल्ल्या घेतल्या.

"चला. उशीर झालाय. तिची बॅग कुठे आहे?"

कोणी हललं नाही.

"ती नाही येत," आई म्हणाली.

"वहिनी, तू स्वतः हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. दमले होते. अजूनही दमलेय, उद्याही दमेन." आईचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता. "शाळेचं तुझं बरोबर आहे. पण इथल्या शाळेत तिला घेतील असं कर ना. घेणार नाही म्हणाले तर भांड त्यांच्याशी. मला भांडता येत नाही, तुला येतं. आणि दर बुधवारी येऊन तिला सांभाळ, म्हणजे मी ह्या पोरीला घेऊन कुठेतरी जाईन." तिने वकिलीणीकडे मान हलवली. "दोघीच."

वकील मान खाली घालून मोजे बघायला लागली. तिचे कान लाल झाले होते.

"मी खोली रंगवली गं," आत्या म्हणाली. मुख्याध्यापिकेचा आवाज कुठच्या कुठे गेला होता. "पिवळी."

"माहितेय."

"आज तरी येऊ दे. एक रात्र."

"आज नाही. तिला शिक्षा झालीय."

"किती वेळाची?"

"टोपली रिकामी होईपर्यंत."

आत्याने टोपलीकडे बघितलं. त्या घरात ती टोपली आजवर कधीही रिकामी झालेली नव्हती, आणि हे आत्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने किल्ल्या भावाच्या हातात दिल्या. "शर्ट तू टाकून ये," ती म्हणाली, आणि बाकापाशी गेली. "सरका रे जरा."

वकील सरकली, घोटाळा सरकला. चिमटी जागची हलली नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा बोलणी बसली होती, आणि ती अजून सगळ्यांवर रुसलेली होती.